आधी अडलेला धडा, मग यंत्र : शाळेच्या तंत्रज्ञान-योजनेविषयी

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातील एका शाळेचा संगणक कक्ष पाहण्याचा योग आला. मुख्याध्यापकांनी कपाटातून किल्ली काढून कुलूप उघडले, तेव्हा भिंतीलगत ओळीने मांडलेले आठ संगणक दिसले. प्रत्येकावर पालक मातांनी शिवून दिलेली फुलाफुलांची कापडी खोळ होती आणि धुळीचा कणही नव्हता. एक खोळ बाजूला करून मी कळफलक पाहिला. संगणक येऊन सहा वर्षे झाली होती, तरी एकाही बटणावरचे अक्षर पुसट झालेले नव्हते. गावाने लोकवर्गणी काढून घेतलेली ही वस्तू खराब होऊ नये, याची शाळेने मनापासून काळजी घेतली होती. ती नेमकी कशासाठी वापरायची, हे मात्र कधी ठरलेच नव्हते.

यात कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात शाळा ‘डिजिटल’ करण्याची मोठी लाट राज्यभर आली. गावांनी पैसे उभे केले, शिक्षकांनी पदरमोड केली, प्रोजेक्टर, टीव्ही आणि टॅब वर्गांत पोहोचले. तो उत्साह खरा होता आणि त्याचा आदरच केला पाहिजे. परंतु ‘आमच्या शाळेत काय काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे असते, तर ‘त्यामुळे कोणत्या मुलाचे काय अडलेले सुटले’ या प्रश्नापाशी आपण थांबतो. शाळेची तंत्रज्ञान-योजना म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचा, खरेदीच्या आधी, लेखी केलेला विचार. कोणत्या इयत्तेचे काय अडले आहे, ते सोडवायला यंत्राची गरज आहे का, असल्यास ते कोणत्या तासाला, कोणाच्या हाती, किती मिनिटे राहील आणि उपयोग झाला की नाही हे केव्हा व कसे तपासायचे, एवढे त्यात असले म्हणजे ती योजना होते. वस्तूंची यादी हे त्या योजनेचे शेवटचे पान असते, पहिले नव्हे.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट वेगळ्या वाटेने ठाऊकच आहे. उद्यमनगरात लेथ घ्यायला निघालेला कारखानदार आधी हाती जॉब, म्हणजे घडवायचा भाग, कोणता आहे, त्याचा व्यास किती, महिन्याला नग किती काढायचे, ते पाहतो आणि मग यंत्राची चौकशी करतो. राजर्षी शाहू महाराजांचे काम पाहिले तरी हाच क्रम दिसतो. खेड्यापाड्यांतील बहुजनांची मुले उच्च शिक्षणापर्यंत का पोहोचत नाहीत, याचा विचार करताना त्यांना शहरात राहण्या-जेवण्याची सोय नाही, ही अडचण पुढे आली आणि १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. पुढे १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. अडचण आधी ओळखली गेली आणि उपाय तिच्या मापाने बेतला गेला. शाळेच्या छोट्याशा तंत्रज्ञान-योजनेतही मला हाच क्रम हवा आहे, म्हणून हा लेख.

अडले कुठे, हे कसे ओळखावे

‘मुलांना गणित जड जाते’ हे निदान नव्हे. निदान याहून बारीक असावे लागते. पाचवीच्या एका वर्गात आम्ही मुलांना एकच प्रश्न कागदावर दिला : एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? अठ्ठावीसपैकी एकोणीस मुलांनी एक अष्टमांश मोठा असल्याचे लिहिले आणि कारण विचारल्यावर ‘आठ चारापेक्षा मोठा आहे की’ असे सांगितले. आता अडचण नेमकी कळली. मुले छेदाकडे पूर्ण संख्या म्हणून पाहत होती. एकाच वस्तूचे जितके जास्त वाटे, तितका प्रत्येक वाटा लहान, ही जाण तयार झालेली नव्हती.

या ठिकाणी यंत्र हवे का? आमच्या वर्गशिक्षिकांनी जुन्या वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून प्रत्येक मुलाला दोन-दोन दिल्या. एक पट्टी दोनदा घडी घालायची, दुसरी तीनदा, आणि उलगडून एकेक भाग शेजारी ठेवायचा. बहुतेकांचा घोळ तिथेच मिटला. अपूर्णांकांची सुंदर रंगीत चित्रफीत उपलब्ध होती, पण ती पाहताना घडी चित्रातील हाताने घातली असती. इथे ती मुलाने स्वतः घातली. या अडचणीपुढे योजनेत ‘यंत्र नको’ असेच लिहावे आणि तसे लिहिणे हेसुद्धा नियोजनच आहे, हे मी आग्रहाने सांगतो.

त्याच शाळेत तिसरीच्या वाचनाची अडचण वेगळी होती. मूल मजकूर किती अस्खलित वाचते, कुठे अडखळते, जोडाक्षर आले की काय करते, हे कळायला शिक्षकाला प्रत्येकाच्या शेजारी बसून ऐकावे लागते. पट तीसचा असेल आणि हाताशी दोन इयत्ता असतील, तर तासात चार-पाच मुलांपलीकडे पोहोचता येत नाही. येथे साध्या फोनने मोठे काम केले. खिडकीपाशी एका बाकावर फोन ठेवून प्रत्येक मुलाने एक मिनिट वाचायचे आणि ते ध्वनिमुद्रित करायचे, असा क्रम लावला. बाकीचा वर्ग आपले काम करत राहिला आणि बाईंनी मुद्रणे नंतर सवडीने ऐकून वहीत खुणा केल्या. तीन महिन्यांनी त्याच मुलाचे जुने व नवे वाचन त्याला लागोपाठ ऐकवले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते कोणत्याही प्रगतिपुस्तकात मावले नसते. मुद्रणे दुसऱ्या कोणाला पाठवली गेली नाहीत आणि वर्ष संपताच पुसून टाकली, हेही इथेच नोंदवतो.

या दोन उदाहरणांमधील फरक हीच योजनेची किल्ली आहे. शिक्षकाला जे कागद, खडू, माती आणि संवाद यांनी करता येते, तिथे यंत्र आणल्याने काम वाढते. शिक्षकाला एका वेळी तीस ठिकाणी हजर राहता येत नाही, डोळ्यांना न दिसणारे दाखवता येत नाही किंवा प्रत्येक मुलाला त्याच्या पायरीचे उदाहरण देऊन चूक-बरोबर लगेच सांगता येत नाही, तिथे यंत्र उपयोगी पडते. रक्ताभिसरण, चंद्राच्या कला किंवा विद्युत मंडलात प्रवाह कसा फिरतो, हे पडद्यावर हलते चित्र पाहून पटकन कळते. दृष्टिहीन मुलासाठी तर पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही मोफत आज्ञावली म्हणजे पाठ्यपुस्तकाचे दारच असते, आणि वर्गात असे एकच मूल असले तरी योजनेत त्याचे स्थान पहिले असावे.

इतरांच्या अनुभवातून काय कळते

यंत्र दिले की शिक्षण आपोआप सुधारते, या समजुतीची एक मोठी परीक्षा दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात झाली. तेथील सरकारने लाखो मुलांसाठी लहान लॅपटॉप घेतले. ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की मुलांना संगणक मोठ्या प्रमाणावर मिळाला, त्यांचा वापरही वाढला, पण गणित आणि भाषा या विषयांतील गुणांवर परिणाम आढळला नाही. लॅपटॉप पोहोचले होते. कोणत्या धड्याला, कोणत्या अडचणीवर ते वापरायचे, हे शिक्षकाच्या रोजच्या कामात बसवले गेले नव्हते.

याच्या उलट अनुभव आपल्या शेजारच्या गुजरातमधील आहे. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले. एका संगणकावर दोन मुले बसत आणि उदाहरणांची काठिण्यपातळी मुलांच्या उत्तरांप्रमाणे बदलत असे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गणितातील प्रगती ठळकपणे दिसली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्याच्या अभ्यासकांपैकी होत. त्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने या लाभाचा बराचसा भाग ओसरला होता, आणि ही गोष्ट शाळेने डोळ्यांआड करू नये. त्यानंतर दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरच्या केंद्रांवर साडेचार महिने झालेल्या प्रयोगात गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत चांगली वाढ आढळली. तेथील बरीच मुले आपल्या इयत्तेच्या कित्येक वर्षे मागे होती आणि आज्ञावली त्यांच्या इयत्तेपासून नव्हे, त्यांच्या खऱ्या पायरीपासून सुरुवात करत होती. रोजच्या दीड तासापैकी निम्मा वेळ मात्र शिक्षक-साहाय्यक लहान गटात शिकवत असे, म्हणजे माणूस तिथेही होताच.

आपल्या राज्यातील एक उदाहरण सर्वांना माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. आज बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा या शासकीय व्यासपीठावरील साहित्यापर्यंत नेतात. त्यात मला महत्त्वाचे वाटते ते असे, की कोड ज्या पानावर आहे, त्याच पानावरील धड्याशी साहित्याचे नाते असते. शिक्षकाला महाजालावर भटकावे लागत नाही.

मिनिटांचा हिशेब

योजना कागदावर उत्तम असते आणि वेळापत्रकात अडते, म्हणून हा हिशेब मी नेहमी फळ्यावर करून दाखवतो. समजा, शाळेत दहा संगणक आहेत आणि एका वर्गाचा पट तीस आहे. म्हणजे एका संगणकावर तीन मुले. त्या वर्गाला आठवड्यातून ३५ मिनिटांचे दोन तास दिले. प्रत्येक तासातील दहा मिनिटे ओळीने कक्षात जाणे, जागेवर बसणे आणि संगणक सुरू होणे यांत जातात. उरली २५, दोन तासांची ५०. ती तीन मुलांत वाटली तर एका मुलाच्या वाट्याला आठवड्याला जेमतेम १७ मिनिटे येतात. परीक्षा, क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन आणि अतिवृष्टीच्या सुट्या वगळून तीस आठवडे हाती लागले असे धरले, तरी वर्षाला साडेआठ तास होतात.

साडेआठ तासांत सहा विषय, टंकलेखन, चित्रकला आणि सामान्य ज्ञान हे सगळे बसत नाही. एखादीच गोष्ट नीट बसते. म्हणून पहिल्या वर्षी एका इयत्तेची एकच अडचण निवडावी, असा माझा सल्ला असतो. यावर ‘बाकीच्या वर्गांवर अन्याय होईल’ असा आक्षेप हमखास येतो. सगळ्यांना थोडे थोडे देऊन कोणाचेच न भागण्यापेक्षा एका वर्गाचे काम तडीस नेणे आणि तो अनुभव पुढच्या वर्गाला देणे अधिक न्याय्य आहे, असे मला वाटते.

सतरा मिनिटे ही सरासरी आहे, हेही विसरू नये. तीन मुलांच्या गटात माऊस कोणाच्या हातात राहतो, ते एकदा मागे उभे राहून पाहावे. मी पाहिलेल्या एका तासात मधल्या मुलाने पंचवीस मिनिटांत एकदाही माऊस सोडला नाही. उजवीकडची मुलगी पडद्यावर बोट ठेवून बरोबर उत्तर सांगत होती आणि तो तिच्या सांगण्यावरून बटण दाबत होता. नोंदवहीत मात्र तिघांच्याही नावापुढे हजेरी लागली. त्यानंतर त्या शाळेने आठ मिनिटांनी घंटी वाजवून जागा बदलण्याचा नियम केला. एका स्टीलच्या घंटीने जे साधले, ते आणखी पाच संगणकांनी साधले नसते.

वीज, नेट आणि पावसाळा

तांत्रिक बाबींची धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण त्यातील बराच भाग गुणाकाराचा आहे. एका साध्या डेस्कटॉप संगणकाला पडद्यासह सुमारे १०० वॉट वीज लागते. दहा संगणक एक तास चालले म्हणजे १००० वॉट-तास, अर्थात एक युनिट. रोज तीन तास आणि वर्षाला २०० दिवस धरल्यास ६०० युनिट होतात. आपल्या वीजबिलावरील दराने त्याला गुणले की वर्षाचा खर्च समोर येतो. वीजबिल थकल्याने जोडणी तुटलेल्या शाळेत नवे संगणक ठेवण्यापेक्षा हा गुणाकार आधी करणे शहाणपणाचे.

इन्व्हर्टरची गोष्टही अशीच. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॉट-तास ऊर्जा असते. बॅटरी टिकावी म्हणून निम्मीच वापरावी असे धरले तर ९००, आणि इन्व्हर्टरमधील घट वजा जाता सुमारे ७५० हाती येते. दहा डेस्कटॉप त्यावर पाऊण तास चालतील, तेही इन्व्हर्टर एवढा भार पेलणारा असेल तर. दहा लॅपटॉप प्रत्येकी ४० वॉटचे धरले तर पावणेदोन तास निघतात. टॅबला स्वतःचीच बॅटरी असल्याने आदल्या दिवशी चार्ज करून ठेवले की वीज गेली तरी तास बुडत नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या भागांत जून ते सप्टेंबर पाऊस धो धो कोसळतो, वीज वारंवार जाते आणि सौर पट्ट्यांवरही पुरेसे ऊन पडत नाही. तेथील शाळेची निवड आणि इचलकरंजीच्या शाळेची निवड एकच असण्याचे कारण नाही.

पंचगंगेच्या काठी आणखी एक विचार करावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी कुठवर आले होते, हे काठावरच्या प्रत्येक गावाला पाठ आहे. त्या खुणेच्या खाली संगणक कक्ष असू नये. शिवाय पुराच्या काळात अनेक शाळा पूरग्रस्तांचा निवारा होतात. वर्गखोल्या रातोरात रिकाम्या कराव्या लागतात. त्या वेळी कोणती उपकरणे, कोणी, कुठे हलवायची, हे दोन ओळींत लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेले असावे. हलवायला सोपी उपकरणे हा अशा गावांत चैनीचा मुद्दा नाही.

नेटचा हिशेबही करून पाहू. पाच मिनिटांची साधारण दर्जाची चित्रफीत सेकंदाला दीड मेगाबिट या वेगाने येते असे धरले, तर ३०० सेकंदांचे ४५० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सुमारे ५६ एमबी भरतात. दहा मुलांनी दहा टॅबवर एकाच वेळी लावली तर ५६० एमबी खर्च होतात आणि सलग सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग लागतो. तीच चित्रफीत शिक्षकाने आदल्या दिवशी एकदा उतरवून सर्व टॅबमध्ये टाकली तर तासाला नेट लागतच नाही. दीक्षा ॲपमध्ये साहित्य उतरवून ठेवण्याची सोय आहे. डोंगरी भागातील शाळेने तर ‘नेट नाही’ असेच गृहीत धरून योजना आखावी. नेट आले तर ती जमेची बाजू.

शिक्षकाचा वेळ

या सर्व हिशेबात सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती, असे विचारले तर मी शिक्षकाचा वेळ असे उत्तर देईन. यंत्र पुरवणारा माणूस येतो, दोन तासांत सगळी बटणे दाखवतो, उपस्थितांच्या सह्या घेतो आणि जातो. याला प्रशिक्षण म्हणता येत नाही. बटण कुठे आहे हे कळणे आणि चौथीच्या वजाबाकीच्या पाठात ते केव्हा दाबायचे हे कळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट शिक्षक दुसऱ्या शिक्षकाकडूनच शिकतो. केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, भरणाऱ्या शिक्षण परिषदेत एखाद्या शिक्षिकेने आपला प्रत्यक्ष घेतलेला एक पाठ सांगावा, कुठे फसला तेही सांगावे आणि बाकीच्यांनी तोच पाठ आपल्या वर्गात घेऊन पुढच्या महिन्यात अनुभव आणावा, ही पद्धत सगळ्यांत कमी खर्चाची आहे.

योजनेत प्रत्येक शिक्षकाच्या वेळापत्रकात आठवड्याला एक मोकळा तास या तयारीसाठी छापलेला असावा. शाळेतील एका तरुण शिक्षकावर ‘तुम्हाला यातले कळते’ म्हणून सगळा भार टाकला जातो, मग त्याची बदली होते आणि त्याच्यामागे संकेतशब्दही जातात. निदान दोघांना सर्व काही ठाऊक हवे आणि संकेतशब्द मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद नोंदवहीत हवेत.

वरिष्ठ शिक्षकांना यंत्राची भीती वाटते, असे सरसकट बोलले जाते. मला तसा अनुभव नाही. तीस वर्षे शिकवलेल्या माणसाला मूल कुठे अडते, हे सर्वांत नेमके सांगता येते; अडचण शोधण्याची बैठक त्यांच्यापासून सुरू केली तर ते योजनेचे धनी होतात.

पैसा आणि समिती

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात, आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे कायद्याने ठरलेले काम आहे. केंद्र सरकारच्या २०१० च्या नमुना नियमांनुसार हा आराखडा तीन वर्षांचा असून त्यात तीन वार्षिक उपयोजना असतात. तंत्रज्ञान-योजना वेगळी चोपडी न करता याच आराखड्याचा भाग करावी, म्हणजे तिच्यावर पालकांच्या सह्या होतात आणि मुख्याध्यापक बदलले तरी ती उभी राहते.

खर्च मांडताना खरेदीची रक्कम म्हणजे पूर्ण खर्च, असे धरू नये. पाच वर्षांचा खर्च एकत्र लिहावा : वीज, एकदा बदलावी लागणारी बॅटरी, माऊस आणि कळफलक, दुरुस्ती, नेट आणि आज्ञावलीच्या परवान्याची वार्षिक फी. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार ३१ ते १०० पटाच्या शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान वर्षाला २५,००० रुपये आहे आणि त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेसाठी राखायचे असतात. उरलेल्या साडेबावीस हजारांत खडू, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्त्या आणि वीजबिल येते. ही रक्कम पाहिली की देणगीत मिळालेले यंत्रसुद्धा फुकट नसते, हे ध्यानात येते. देणगीदाराला नम्रपणे ‘यंत्रासोबत तीन वर्षांची देखभाल द्याल का’ असे विचारावे. माझ्या अनुभवात बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, कारण तसे त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

फी भरून वापरायच्या आज्ञावलीबाबत अधिक सावध राहावे. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटले आहे की शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादने सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. त्यामुळे पाच वर्षांचा करार करू नये आणि मुलांच्या नोंदी आपल्याला परत मिळतील ना, हे करारातच पाहावे.

घर, फोन आणि मुलांची माहिती

गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जाणारे वडील घरातील एकमेव फोन बरोबर घेऊन जातात. संध्याकाळी फोनवर गृहपाठ पाठवणारी शाळा अशा मुलाला नकळत मागे टाकते. ज्या कामाला फोन लागतो ते काम शाळेतच व्हावे, हा नियम योजनेत स्पष्ट शब्दांत असावा.

मुलांच्या माहितीसंबंधी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. शिक्षणसंस्थांना काही बाबतींत सवलत असली, तरी मुलांची नावे, छायाचित्रे आणि गुण पालकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकण्याची सवय आपण स्वतःहून मोडली पाहिजे. कमी गुण मिळालेल्या मुलाचे नाव शंभर घरांत पोहोचते, तेव्हा त्याचे काय होते, हे शिक्षकाला कायद्याने सांगावे लागू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवाद-साधनांनाही हेच लागू आहे. शिक्षकाने सरावाची उदाहरणे तयार करायला ती जरूर वापरावीत, पण प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून पाहावे, कारण ती चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगतात. मुलांच्या हाती देण्यापूर्वी त्या सेवेची वयोमर्यादा वाचावी आणि मुलाचे नाव त्यात कधीही लिहू नये.

लिहिलेली योजना दिसते कशी

एका शाळेने तयार केलेला पहिल्या वर्षाचा मजकूर अर्ध्या पानाचा होता आणि तो मला आजही नमुनेदार वाटतो. त्याचा आशय असा : तिसरीतील तीसपैकी बारा मुले जोडाक्षरे असलेला सोपा परिच्छेद सलग वाचू शकत नाहीत. जुलैपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुसऱ्या तासाला सहा-सहा मुलांचे एक मिनिटाचे वाचन फोनवर मुद्रित केले जाईल, वर्गशिक्षिका ते शनिवारी ऐकतील आणि पुढच्या आठवड्याचे सरावाचे शब्द ठरवतील. त्यासाठी शाळेतील जुना फोन पुरेल, नवी खरेदी नाही. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आणि मार्चमध्ये तोच परिच्छेद पुन्हा वाचून घेतला जाईल. दिवाळीपर्यंत बारापैकी चारसुद्धा पुढे सरकली नाहीत, तर पद्धत बदलली जाईल.

यातील शेवटचे वाक्य फार थोड्या योजनांत असते. आपण काय थांबवणार आणि केव्हा, हे आधी लिहिले नाही, तर घेतलेली वस्तू चालूच ठेवावी लागते, कारण ती घेतलेली असते. त्या शाळेत दिवाळीपर्यंत सात मुले पुढे गेली. उरलेल्या पाचांपैकी दोघांना फळ्यावरचे नीट दिसतच नव्हते, हे त्या मुद्रणांच्या निमित्ताने लक्षात आले आणि त्यांना चष्मे लागले.

यंत्राचा शेवटही योजनेत लिहावा लागतो. बंद पडलेले संगणक जडवस्तू नोंदवहीत नाव आहे म्हणून वर्षानुवर्षे खोली अडवून बसतात. त्यांचे रीतसर निर्लेखन करून, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करून, घ्यावे, त्यापूर्वी हार्ड डिस्कमधील मुलांच्या नोंदी पुसाव्यात आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावेत. करवीर तालुक्यातील ज्या खोलीपासून मी सुरुवात केली, तेथील आठपैकी पाच संगणक असेच गेले. उरलेल्या तीन संगणकांच्या खोळी काढल्या असून ते आता कुलूपबंद कक्षात नाहीत. पाचवीच्या वर्गात मागच्या भिंतीशी एका लांब टेबलावर आहेत, आणि वेळापत्रकात सोमवार व गुरुवारच्या चौकटीत त्यांच्यासमोर सहा-सहा मुलांची नावे लिहिलेली आहेत.